टायमिंग आणि वडिलांचा कान

माझ्या वडिलांचं कामठी रोडवर मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. लष्करी छावणीच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं इंजिनं चाचणीला लावण्याचं काम केल्यावर ते निवृत्त झाले आणि टिनाच्या शेडखाली त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला. गॅरेजला पाटी नव्हती. लोक टायमिंगसाठी येत. पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, ते ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित फिरवून ठरवावं लागतं; तेच टायमिंग. फार लवकर पडली तर जोर लावताना इंजिन आतून टकटक वाजतं आणि पुढे पिस्टन जळतात. उशिरा पडली तर गाडी मरगळते. इतर मिस्त्री इंजिनावरच्या खुणा जुळवत. वडील ऐकून ठरवत. गॅरेज त्या कानावर चालत होतं आणि घर गॅरेजवर.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एका हिवाळ्यात, गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलानं आपली गाडी आणली. त्याला मोटार रॅलीत उतरायचं होतं. वडिलांनी आतला दाब वाढावा म्हणून इंजिनाचं हेड मशीनवर थोडं घासून घेतलं, हवा आत येण्याच्या वाटा गुळगुळीत केल्या, कार्बुरेटर एक माप मोठा बसवला. याहून जास्त काही केलं नाही. मात्र दाब वाढवल्यावर टायमिंगमधली लहान चूकही इंजिनाला सोसत नाही.

मुलाला ताकद किती वाढली ते आकड्यात हवं होतं. तो ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला होता, तिथल्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतला डायनो वापरायला परवानगी दिली. या यंत्रात इंजिन लोखंडी चौकटीवर बसवतात आणि त्याचा दांडा पाण्यानं भरलेल्या एका गोल डब्याला जोडतात. इंजिन पाणी घुसळतं, पाणी त्याला अडवतं, आणि डबा किती जोरानं फिरू पाहतो ते काट्यावर दिसतं. रस्त्यावर इंजिनाला पूर्ण जोर काही सेकंदच लागतो. डायनोवर तो हवा तेवढा वेळ लावून ठेवता येतो.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. सुट्टीचा दिवस होता. आकडे लिहून घ्यायला वडिलांनी मला सोबत नेलं. तिथे प्राध्यापक, व्यापाऱ्याचा मुलगा आणि प्रयोगशाळेतले एक वयस्क सहायक होते.

"मिस्त्री, तुम्ही लष्करवाले," सहायक म्हणाले. "पण इथं काट्याचाच हुकूम चालते बरं."

"काट्याले म्हणा, आधी माह्यासंग बोल," वडील म्हणाले. सगळे हसले.

इंजिन गरम झाल्यावर सहायकांनी पूर्ण जोर लागावा म्हणून थ्रॉटल उघडला. ठिणगी थोडी लवकर पडावी म्हणून वडिलांनी डिस्ट्रिब्युटर किंचित पुढे फिरवला. काटा चढला. मी आकडा लिहिला. पुन्हा फिरवला, पुन्हा चढला. तिसऱ्या वेळी काटा होता तिथेच राहिला आणि आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात बारीक खिळे हलवावेत तसा. सहायकांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आणखी पुढे फिरवला. काटा उतरला.

"उस्ताद, फोडता काय इंजिन!" मुलगा ओरडला.

वडील मान वाकवून इंजिनावर झुकले होते. काम मनासारखं चाललं असताना त्यांचा चेहरा जसा असे, तसाच होता. त्यांचा हात पुन्हा डिस्ट्रिब्युटरकडे गेला तेव्हा सहायकांनी थ्रॉटल बंद केला.

"काहून बंद केलं? चांगलं चालून राहिलं होतं," वडील म्हणाले.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मग सहायक जवळ येऊन म्हणाले, "मिस्त्री, टकटक केव्हाची येऊन राहिली होती."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले आली ऐकू?"

"आली."

"केव्हापासून?"

माझ्या हातात वही होती. "तिसऱ्या आकड्यापासून."

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "चला. पुन्हा लावा."

दुसऱ्या खेपेला ते इंजिनावर झुकले नाहीत. काट्यासमोर उभे राहून त्यांनी डिस्ट्रिब्युटर अगदी थोडा थोडा फिरवला. टकटक सुरू होताच सहायकांनी हात वर केला, आणि वडिलांनी तो किंचित मागे फिरवून बोल्ट आवळला. इंजिनाची ताकद आधीपेक्षा स्पष्ट वाढली होती. मुलगा खूश झाला. "उस्ताद, मान गये!" वडिलांनी हत्यारं गोळा केली.

परतताना रिक्षा रेल्वे पुलापर्यंत आली. तेव्हा ते म्हणाले, "दोन वर्षांत तीन गाड्या पिस्टन जळून परत आल्या. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये घासलेट आहे."

"असेलही," मी म्हणालो.

"असंल. पण मी पाहिलं कुठं?"

घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा वही उघडायला लावली. दोन वर्षांत ज्या ज्या गाड्यांचं टायमिंग केलं होतं, त्या त्यांनी आठवून सांगितल्या. गाडीचा रंग, मालक, गाव. प्रत्येकाला निरोप द्यायचा होता की गाडी आणा, टायमिंग पुन्हा पाहायचं आहे.

"कारण विचारतील," मी म्हणालो. "पेट्रोल खराब येतं म्हणून सांगतो."

"काहून गा? पेट्रोलनं काय केलं? सांग, मिस्त्रीच्या कानात बिघाड आहे."

"असं सांगत फिरलं तं गिऱ्हाईक राहील का एक तरी?" आई म्हणाली.

"नाही राहणार. त्यायचे पिस्टन तं राहतील."

पुढचे दोन रविवार मी बसनं कामठी, खापा आणि मधल्या गावांत हिंडलो. काहींनी गाडी आणायचं कबूल केलं. काहींनी दुसरा मिस्त्री पाहतो म्हटलं. कामठीतल्या एकानं मला दारातच विचारलं, बहिऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा कशाला यायचं? वडील रोज संध्याकाळी प्रत्येकाचं उत्तर विचारत. हेही मी सांगितलं. त्या वर्षापासून गॅरेजमध्ये ब्रेक, क्लच आणि स्प्रिंगांचीच कामं जास्त येऊ लागली.

पहिली गाडी खाप्याच्या एका डॉक्टरांची आली. गॅरेजमध्ये डायनो नव्हता. इंजिनाला जोर लावायचा तर चढ हवा, म्हणून वडील त्यांना रेल्वे पुलाकडे घेऊन गेले. मी मागे बसलो होतो.

"मी चालवतो, तुम्ही ऐका," वडील म्हणाले. "टकटक आली की हात वर करा."

"मिस्त्री, माझे कान तरी कुठं धड आहेत?"

"नळी लावून छाती ऐकता न लोकायची? मंग झालं तं."

वडिलांनी टॉप गिअरमध्ये, अगदी हळू वेगात गाडी चढाला घातली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. डॉक्टरांनी हात वर केला. वडिलांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला आणि गाडी पुन्हा खाली आणली. दुसऱ्या खेपेला हात वर झाला, पण उशिरा. पुन्हा बॉनेट उघडलं. तिसऱ्या खेपेला पूल संपेपर्यंत डॉक्टरांचा हात मांडीवरच होता.

"नक्की न?" वडिलांनी विचारलं.

"नक्की."

"अजून एक खेप मारू," वडील म्हणाले, आणि त्यांनी गाडी वळवली.