सेल कुठे घालायचे?

माझे सासरे आयुष्यभर लिफ्टमन होते. एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये लाकडी स्टुलावर बसून त्यांनी नोकरी काढली. लोखंडी पेटी, डोक्यावर पिवळा दिवा, समोर बटणं, आणि आत येणारा प्रत्येक जण हुकूम सोडणार: चार, सहा, तळमजला. "मी जन्मभर प्रवास केला," ते हसत सांगायचे, "पण जायचं कुठे ते नेहमी दुसऱ्यानं ठरवलं." ऐकणारे हसायचे. मला यात हसण्यासारखं काही कधी दिसलं नाही.

त्या पेटीत रेडिओ लागत नसे. एकदा ते ट्रान्झिस्टर घेऊन गेले होते, दार सरकलं की नुसती खरखर. तेव्हापासून तो घरीच राहिला, खिडकीच्या कट्ट्यावर. चामड्याचं कव्हर, पुढे बारीक भोकांची जाळी, वर ओढून लांब करायची एरियल. मागचं झाकण कधीच सैल झालेलं, त्याला रबरबँड. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला आधी वाटलं, घरात लहान मूल आहे. इतके सगळे त्याला जपत होते. खरं तर जपत एकटे बाबाच होते, बाकीचे त्यांच्या धाकात होते.

त्याला लागायचे चार मोठे सेल. कामावरून आले की हातपाय धुऊन बाबा ते एकेक करून घालत, अधिक-उणे डोळ्यांजवळ धरून बघत. ऐकून झालं की पुन्हा बाहेर काढून ठेवत, कारण आत राहिलेला सेल पाझरला तर सगळं खाऊन टाकतो. आवाज बसला की सेलांच्या जागा आपसात बदलायच्या. तरीही नाही जमलं तर त्यांना दुपारच्या उन्हात ओळीनं झोपवायचं. बाबांच्या मते सेल मरत नाही, दमतो. स्प्रिंग ढिली झाली की चॉकलेटची चांदी घडी घालून तिथे कोंबायची. आमचे हे लहानपणी चॉकलेट खायचे ते म्हणे रेडिओसाठीच. ही थाप ते अजूनही मारतात.

आणि मग ऐकणं. बाबा गाणी ऐकत नसत. गाणं लागलं की त्यांचं बोट पुढे सरकायचं. ते स्टेशन लावायचं बटण केसभर फिरवत, रेडिओच उचलून जरा तिरपा ठेवत, पुन्हा फिरवत, आणि शिट्ट्या, खरखर यांच्यामधून कुणीतरी माणूस बोलायला लागायचा. कुठल्या देशातला, कुठल्या भाषेतला, देव जाणे. बाबा कान देऊन ऐकत. "हा बातम्या देतोय. ही बाई मुलांना गोष्ट सांगतेय, बघ कशी थांबते मधेमधे. हा लबाड काहीतरी विकतोय." सासूबाई होत्या तेव्हा एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "कळत नाही एक अक्षर, तर ऐकता कशाला?"

"अगं, मला कुठे तिथे उतरायचंय?" बाबा म्हणाले.

सासूबाई गेल्या, नोकरी संपली, तरी हे चालूच राहिलं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. बटण हळू फिरायला लागलं की मला कळायचं, कुणीतरी सापडलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. संध्याकाळी घरात एक म्हातारा माणूस स्वतःशी खूश आहे, या आवाजाची मला सवय झाली होती. आता ते सगळं आठवलं तरी राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

गेल्या वर्षी बाबांच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं. होते तसे उचलून दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. रेडिओत सेल तसेच राहिले. बाबा घरी आले, कसेबसे खिडकीपाशी गेले, झाकण उघडलं, तर आत हिरवट पांढरी बुरशी. त्यांनी कापूस आणि लिंबाचा रस घेऊन दोन दिवस ते साफ केलं. शेवटी एक स्प्रिंग हातातच मोडून आली. बाकी सगळं ठीक होतं. एक स्प्रिंग आणि एक कथलाचा डाग, एवढंच काम. पण कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा केव्हाच संपला होता, त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात.

"द्या इकडे, मी बघतो," हे म्हणाले.

बाबांनी रेडिओ दिला. दुसऱ्याच दिवशी, टाके ओले असताना, मला न सांगता बाजारात जाऊन चार नवे सेल घेऊन आले. मी रागावले तर म्हणाले, "तो आला आणि सेल नसले तर?" मग वाट बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "झाला का रे?" आणि ह्यांचं गालातल्या गालात हसत उत्तर, "होतोय हो." मला वाटलं, बरं चाललंय. नवऱ्याचं कौतुकसुद्धा वाटलं.

बाबांच्या वाढदिवसाला घर माणसांनी भरलं. केक कापून झाला आणि ह्यांनी खोकं पुढे ठेवलं. रेडिओ बाहेर आला: पॉलिश केलेला, नवं कव्हर, जाळीमागे निळा दिवा. मोबाइल वर झाले, सगळे शूटिंग करायला लागले. बाबा कपाटाकडे गेले, चार सेल घेऊन आले, रेडिओ उलटा केला. मागे झाकणच नव्हतं.

"सेल कुठे घालायचे?"

सगळे खो खो हसले. "बाबा, सेलची कटकटच मिटवली!" हे म्हणाले. "एका माणसाकडून आतून पूर्ण रिकामा करून घेतला. ब्लूटूथ आहे आता. मोबाइलवरून लावायचं. हे बघा, तुमची जुनी गाणी, हजारभर भरलीत." आणि गाणं सुरू झालं, खणखणीत, एक खरखर नाही.

बाबांनी बटण फिरवलं. ते गोल गोल फिरत राहिलं.

"ते शोभेचं आहे," हे म्हणाले.

"आणि आतलं?"

"काय आतलं?"

"आतलं सगळं. कुठेय?"

"भंगारात दिलं असेल त्यानं. काय करायचंय ते?"

बाबा म्हणाले, "छान झालाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणारा म्हणत होता, बघा काय झकास!

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. चाळीस वर्षं या माणसाच्या घरात राहिलात, तो गाणी ऐकत नाही एवढंही तुम्हाला माहीत नाही? हे खरंच गोंधळले. "मग काय ऐकायचे?" एवढंच म्हणाले. बाबांनी आतून हाक मारली, "सूनबाई, त्याला बोलू नकोस. हौसेनं केलंय त्यानं."

आता रोज संध्याकाळी हे विचारतात, "बाबा, काय लावू?" आणि बाबा म्हणतात, "तुला आवडेल ते लाव." फोन घेऊन हे गॅलरीत गेले की गाणं मधेच तुटतं. बाबा पुन्हा लावायला सांगत नाहीत.

परवा ह्यांचे एक ऑफिसमधले मित्र आले. वाढदिवसाचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. "पत्ता पाठव ना त्या माणसाचा. आमच्या वडिलांकडेही असाच जुना रेडिओ आहे."

बाबा सरसावून बसले. "चालतो?"

"चालतो की! दिवसभर कानाला लावून बसलेले असतात."

"त्यांना विचारलंत?"

"छे! सरप्राइज द्यायचंय."

बाबा ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "आतलं तेवढं परत मागून घ्या. आणि त्यांच्या हातात द्या."

मित्र हसले. ह्यांचं बोट मात्र मोबाइलवर थांबलं. ते बाबांकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की त्यांना आत्ता कळतंय. चेहरा पार उतरला.

पण माणूस समोर बसला होता. ह्यांनी पत्ता पाठवला.