आमच्या फ्रीगंज ब्रँचचे विसरभोळे

आमच्या फ्रीगंजच्या बँकेत विसरभोळेपणाचे किस्से जमवावे लागत नसत. सकाळी शटर वर गेलं की एखादा आपणहून आत यायचा!

कॅशियर मुळ्यांकडे नवा रिमोटवाला टीव्ही आला. दुसऱ्याच दिवशी गडी चष्म्याऐवजी रिमोट खिशात घालून ड्यूटीवर हजर! दुपारी घरून फोन. "अहो, बँकेत केबल लागलंय का?"

*

मग कॉम्प्युटर आले, त्यांच्यामागून पासवर्ड आले. मॅनेजर दातारसाहेब पहिल्याच आठवड्यात अडकले.

"मिसेसचं नाव ठेवलं होतं यार!"

"मग टाका की सर."

"माहेरचं की सासरचं?"

दोन्ही चालेनात. शेवटी घरी फोन लावला. मिसेस शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईंचं टाकून बघा."

लगेच उघडला!

*

मी स्वतः मेहुण्याला आणायला स्टेशनवर गेलो. एक दोस्त भेटला, चहा झाला, गप्पा झाल्या, घरी परतलो. दार मेहुण्यानंच उघडलं. "या भावजी! कोणाला आणायला गेला होतात?"

*

सरवटे मात्र ब्रँचची शान. खातेदारांच्या पोराबाळांची नावंसुद्धा तोंडपाठ. तेच सरवटे एका चहात तीच गोष्ट दोनदा सांगायला लागले. आम्ही ओरडायचो, "कॅसेट रिवाइंड झाली!" तेही हसायचे.

एका संध्याकाळी सुटल्यावर ते बँकेच्या पायरीवरच उभे होते. मला हळूच म्हणाले, "माधव नगर कुठून जायचं हो?"

लग्नापासून ते तिथंच राहत होते. मला वाटलं, मस्करी. मग चेहरा पाहिला. स्कूटरवर घरी सोडलं. रस्ताभर त्यांनी माझा शर्ट मुठीत धरला होता.

मुळे आणि मी त्यांना इंदूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "विसरलेलं थोड्या वेळानं आठवतं, तोवर फिकीर नको. पण रोजचा रस्ता, रोजची कामं चुकायला लागली की वयावर ढकलू नका, लवकर दाखवा."

मुळ्यांनी घाबरत विचारलं, "आणि चष्म्याऐवजी खिशात रिमोट?"

"तो चालतो."

सरवट्यांचं मात्र दुखणंच निघालं. बरं होणारं नव्हतं. कॅसेटची मस्करी बंद झाली, रविवारी त्यांच्या घरी बैठक सुरू झाली.

*

अशाच एका रविवारी सरवटेवहिनींनी साबुदाण्याची खिचडी आणली. सरवटे दोन घास खाऊन खूश. मग वहिनींकडे बघत अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येता, इतकं करता. घरी कोणी काही म्हणत नाही?"

आम्ही ताटात बघायला लागलो.

वहिनी म्हणाल्या, "नाही हो. आमचे मिस्टर फार चांगले आहेत."

सरवट्यांनी जरा विचार केला. "तरी त्यांना विचारून येत जा."

"विचारलंय," वहिनींनी आणखी एक डाव वाढला. "हो म्हणाले."