ओवीची आत्या

मंगलाबाईंना लिहिता-वाचता यायचं ते सहीपुरतं, तेही मराठीत. तरी नातीच्या नावाची दोन इंग्रजी स्पेलिंगं त्यांना डोळे मिटूनही दिसत. एक तीन अक्षरांचं, एक चार अक्षरांचं. दवाखान्याच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन्ही एकाखाली एक लिहिलेली होती आणि खालच्या, चार अक्षरांच्या स्पेलिंगपुढं बरोबरची खूण होती.

ती खूण त्यांच्या लेकीनं, मोहिनीनं केलेली. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात ती पिंपळगावहून माहेरी, नाशिकला आली होती. मुलगा झाला तर रुद्र, मुलगी झाली तर ओवी. त्यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. भांडण होतं ते स्पेलिंगवरून. मोहिनीला तीन अक्षरांचं सुटसुटीत हवं होतं. तिची नणंद भाग्यश्री मात्र मोबाइलवर कसलासा शुभ आकडा काढून चारवर अडून बसली होती. "तीन तिगाडा, काम बिगाडा! आत्या मी आहे. कानात नाव मी सांगणार, तर माझंच चालणार!" असं ती फोनवर ओरडायची आणि मोहिनी पोट धरून हसायची. शेवटी मोहिनीनंच माघार घेतली. "जाऊ दे आई, तिचं मन राखते," म्हणाली आणि पेन उचललं.

एका अक्षरावरून एवढं भांडतात म्हणजे मुलगी झाली तरी तिचं त्या घरात कौतुक होणार, असं मंगलाबाईंनी मनाशी धरलं. खरं तर मनाशी काही धरायची त्यांना सवय नव्हती. घोटीकडच्या भातखाचरांतून नवऱ्यामागं शहरात आल्या, तो नवरा, काळू, सेंट्रिंगच्या कामावर परांचीवरून पडून गेला तेव्हा मोहिनी चौथीत होती. तेव्हापासून पंचवटीतल्या एका मेसवर दोन वेळच्या पोळ्या. तव्यापुढं उभं राहून एकुलती लेक बारावी केली, चांगलं घर बघून दिली. आणि आयुष्यात एकदाच कशावर तरी भरवसा ठेवला.

ओवी झाली आणि मोहिनी गेली. रक्त थांबलं नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. जावई ललित बायकोला पिंपळगावला घेऊन गेला, बाळ आजीच्या ओटीत राहिलं. मोहिनीच्या सासूनं तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, म्हणून घेतलं की पोरगी आईच्या मुळावर आली.

पोरीचं बारसं आणि आईचं बारावं एकाच दिवशी आलं. त्या दिवशी पाळणा कोण बांधणार? मग सव्वा महिन्यानं करू म्हणाले, मग अधिक महिना लागला, मग पिंपळगावहून कुणी फोनच उचलेना. शेजारच्या लंकाबाईंनी दोनतीनदा सांगून पाहिलं, "अगं, आत्या नाय आली तर कुणी बी आत्या व्हतं. मी सांगते कानात. पोर बिननावाची किती दिस ठेवशीन?"

"आत्या जिती हाय तिची," मंगलाबाई म्हणायच्या. "दुसरीनं नाव ठिवलं तर आपणच नातं तोडल्यावाणी हुईल. त्यांना तेवढंच पायजे."

आणि त्या वाट बघत राहिल्या. पाच महिने! पोर कुशीवर वळली, पालथी पडली, हसायला लागली, आणि घरात तिला सगळे 'बाय' म्हणत. लसीच्या कार्डावरही मोहिनीचं बाळ एवढंच. नाव ओठांवर आलं तरी मंगलाबाई गिळून टाकत. ते आधी आत्यानं उच्चारायचं होतं. शहाणपण की वेडेपणा, कोण सांगणार. पण दार उघडं ठेवायचं तर असंच ठेवता येत होतं.

एका दुपारी भाग्यश्री आली. दारातच उभी राहिली, पाणीही घेतलं नाही. हातात एक अर्ज होता. नावाची जागा कोरी, खाली ललितची सही.

"मावशी, दादाचं जमतंय. नामपूरचं स्थळ आहे. मूल नको म्हणतात ते. बाळ तुमच्याकडेच राहू द्या. दाखल्यात नाव घालायला अडचण नको म्हणून सही आणलीय."

मंगलाबाईंना हे कुठंतरी आतून माहीत होतंच.  त्यांनी बाळाला उचलून तिच्यापुढं धरलं. "ठीक हाय. तेवढं नाव सांगून जाय. पाळणा नगं, पेढं नगं. नुसतं कानात सांग."

बाळानं तिची ओढणी मुठीत धरली. भाग्यश्री वाकली. मंगलाबाईंनी बाळाचा कान तिच्याकडं केला. पण ती वाकली होती ते मूठ सोडवायला. एकेक बोट तिनं हळूच उलगडलं.

"नको मावशी. मी नाव ठेवलं तर मग मला येत राहावं लागेल."

"आन् स्पेलिंग?"

"कुठलंही टाका. काय फरक पडतो आता."

डोळे तिचेही भरले होते. भरल्या डोळ्यांनीही माणूस निघून जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पोळ्या उरकून मंगलाबाई बाळाला घेऊन महापालिकेच्या खिडकीवर गेल्या. जन्माची आणि मृत्यूची खिडकी एकच. मोहिनीचा दाखलाही इथूनच नेलेला. कारकुनानं अर्ज पाहिला आणि विचारलं, "आजी, नाव काय?"

नाव न उच्चारता त्यांनी फाइल उघडून पुढं केली. कारकुनानं वाचून मराठीत ओवी लिहिलं, मग इंग्रजीच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"खूण केलीय तेच ना?"

त्यांना भाग्यश्रीचं ओरडणं आठवलं. तीन तिगाडा. पण चार अक्षरांनी तरी कुणाला राखलं होतं?

"नगं. त्याच्यावरचं घ्या."

"नक्की? मग बदलायला फार त्रास होतो."

"लेकीनं खूण केली ती नणंदेसाठी. आता तिला नणंद नाय."

 कारकुनानं तीन अक्षरं लिहिली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मंगलाबाई बसल्या. आजूबाजूला माणसं अर्ज भरत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी बाळाचं टोपडं बाजूला सारलं, कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणे आधी 'कुर्रर्र' केलं. मग नाव घेतलं. मोहिनीनंतर पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी ते उच्चारलं होतं. बाळ गुदगुल्या झाल्यासारखं हसलं.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बाया धपाटे घालतात, हसतात, एकच गलका होतो. मंगलाबाई नकळत तशाच वाकून थांबल्या. मागं कुणीच नव्हतं.