कललेल्या झाडाची शिंदी

विरूपाक्षअप्पा कुणाच्याही हातचं पाणी लगेच पीत नसत. तांब्या आला की आधी नाकाशी नेत, मग एक घोट तोंडात धरून डोळे मिटत, आणि तो घशाखाली उतरल्यावरच बोलत. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी शिपायानं आणलेलं पाणी त्यांनी असंच तोंडात धरलं आणि म्हणाले, "आज स्टेशनच्या हिरीचं न्हाय आणलंस. मळ्यातल्या हिरीचं हाय हे." शिपाई ओशाळून हसला. स्टेशनजवळच्या विहिरीचा रहाट त्या दिवशी खरंच मोडला होता.

येडशी स्टेशनाशेजारी एका सहकारी खरेदी-विक्री संघाचं गोदाम होतं. अप्पा तिथं काट्यावर होते आणि मी नवा कारकून. अप्पा पन्नाशीचे, बुटके, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. घरात कानडी बोलत आणि बाहेर आमच्यासारखंच मराठी. कुणी घाई केली की "निधान, निधान" म्हणायचे. कानडीत निधान म्हणजे सावकाश. पोतं काट्यावर चढलं की काटा पुरता थांबेपर्यंत ते कुणाला हात लावू देत नसत, मग पोतं चेअरमनसाहेबांचं असो नाहीतर एखाद्या म्हातारीचं.

एका शनिवारी मला म्हणाले, "सुधाकर, उद्या उजाडताना ये. एक चीज दाखवतो." काय ते सांगितलं नाही. रामलिंगाच्या डोंगराकडं चारेक मैल सायकली मारल्यावर एक ओढा लागला. काठानं शिंदीची पाच-सात झाडं होती. त्यातलं एक म्हातारं झाड ओढ्यावर कललेलं. दरसाल शेंड्याजवळ, एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला छाटून त्याचं खोड नागमोडी झालं होतं. वरून कमरेला दोर बांधलेला एक काटकुळा माणूस मडकं घेऊन उतरला. तो महादू. या झाडांचा रस, म्हणजे शिंदी, काढून विकणं हा त्याचा धंदा.

मी दोन पावलं मागं सरलो. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि ती पाळली होती. अप्पांना ते ठाऊक होतं. "न्हाय म्हणायचं तर न्हाय म्हण," ते म्हणाले. "जबरदस्ती न्हाय. वास तरी घे." मी वास घेतला आणि मग एक घोटही घेतला. थंडगार, गोड, आणि गोडीच्या मागं किंचित तुरट असं काहीतरी, ओल्या वाळूसारखं. आंबलेली अजिबात नव्हती. उन्हं वर आली की ती फसफसते आणि दुपारी नुसती आंबट लागते, असं महादूनं सांगितलं.

अप्पांनी एकच पेला घेतला आणि तो संपवायला पाऊण तास लावला.

परतताना मी विचारलं, "अप्पा, एवढ्यासाठी चार मैल? शिंदीचं दुकान तर बाजारातच आहे."

"त्या दुकानात पावडर हाय आन् साखरीन हाय. लातूरला पी, तुळजापुरात पी, एकच चव." मग चढ संपल्यावर म्हणाले, "ही त्या ओढ्याची हाय. त्या ओढ्याला गेल्याबिगर मिळत न्हाय. दारात आली आस्ती तर म्या बी ढोसलीच आस्ती."

लिंगायताच्या घरात हे खपणारं नव्हतं. पण त्यांच्या पत्नी गुरुबाई मला कधीतरी सांगायच्या, "रविवारी हे झाडाच्या देवाला जातेत," आणि हसायच्या नाहीत. अप्पा परतले की त्या दारातच चूळ भरायला पाणी द्यायच्या. बोलणं तेवढंच.

महादू स्वतः थेंबही घेत नसे. "हलवाई कुठं पेढं खातो व्हय?" म्हणायचा. त्याचा एक नियम होता. तीन दिवस झाड छाटायचं आणि पुढं पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. कितीही गिऱ्हाईक आलं तरी नाही. "झाडाला बी दम खाऊ द्यावा लागतो, अप्पा. त्येचं बी अंग हाय." अप्पांना हा नियम फार आवडायचा. काट्यावर कुणी घाई केली की ते महादूचं उदाहरण द्यायचे, फक्त तो कोण ते सांगत नसत.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. ओढा भादव्यातच आटला. गोदामात ज्वारीच्या जागी लाल मिलो, अमेरिकेची जाडीभरडी ज्वारी, येऊ लागला. महादूची बायको चांगुणा खडी फोडायच्या कामावर जायला लागली. थंडी पडली तेव्हा महादूच्या बाकीच्या झाडांनी रस द्यायचं जवळजवळ बंद केलं. कललेलं झाड तेवढं देत होतं. मुळं कुठं खोल गेली होती देव जाणे. मडकं पाव भरायचं, पण ती शिंदी दाट, मधासारख्या रंगाची. अप्पांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "आयुष्यात अशी प्यालो न्हाय," ते म्हणाले. आजूबाजूला तडा गेलेली जमीन आणि आम्ही त्या चवीवर बोलतोय, याची लाज मला वाटली होती. पण तेव्हा मी ते बोललो नाही.

उलट भलतीकडं बोललो. दुसऱ्या दिवशी संघात चहा पिताना मीच फुशारकीनं त्या शिंदीचं वर्णन केलं. ते चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी अप्पांना बोलावून विचारलं. अप्पांना सहज नाही म्हणता आलं असतं, "पोरगं काहीबी बोलतंय" म्हणून टाळता आलं असतं. पण आपल्याला एक अशी चीज ठाऊक आहे जी या मोठ्या माणसाला ठाऊक नाही, या विचारानं ते फुलले. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पुढच्या रविवारी आम्ही सायकलींवरून गेलो नाही. साहेबांच्या जीपमधून गेलो.

त्यानंतर जीप दर रविवारी जाऊ लागली, मग मधल्या वारीही. सोलापूरचे पाहुणे आले, कुणी कुणी पुढारी आले. "असली शिंदी म्हणजे काय ते बघा," साहेब सांगायचे, जणू झाड त्यांनीच लावलं होतं. पेल्यांच्या जागी कॅन आले. महादूच्या घरी साहेबांकडून मिलोचं पोतं आगाऊच जाऊन पडलं, त्यामुळं त्यालाही नाही म्हणता येईना. पाच दिवसांची विश्रांती दोनवर आली, मग तीही गेली.

एका सकाळी अप्पांनी त्याला बाजूला घेतलं. "महादू, निधान. झाड मरंल."

महादू पाट्यावर कोयता घासत होता. मान वर न करता म्हणाला, "ही लोकं म्या आणली व्हय, अप्पा? तुमीच आणली की."

त्या दिवशी अप्पांनी पेला घेतला नाही.

पंधरा दिवसांनी ते घडलं. साहेब, त्यांचे दोन पाहुणे, ड्रायव्हर, अप्पा आणि मी ओढ्याच्या कोरड्या वाळूत उभे होतो. मडक्यात तळाला थोडीशीच शिंदी निघाली होती. पाहुणे हिरमुसले. साहेब म्हणाले, "अजून जरा वर छाट की. आत असंल." महादूनं झाडाकडं पाहिलं, मग अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या." साहेब म्हणाले, "तुम्ही गप बसा हो, काटेवाले." महादू चढला. त्यानं शेंड्याजवळ दोन घाव घातले असतील. पोखरून पोखरून शेंड्याजवळ झाड जेमतेम मनगटाएवढं उरलं होतं. शेंडा काडकन मोडला आणि महादू दोरासकट खाली दगडावर आला.

तो ओरडला नाही. "पाय कुठं गेलं माझं?" एवढंच विचारत राहिला.

साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "बैलगाडी बघा कुणाची. जीपमधनं नेला की आपलं नाव येतंय." अप्पांनी आणि मी महादूला धोतराच्या झोळीत उचलून जीपमध्ये ठेवलं. अप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन खालीच बसले आणि म्हणाले, "उतरवायचं आसंल तर दोघांना उतरवा." जीप उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात गेली. महादू वाचला. कमरेखालचं अंग मात्र कायमचं गेलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर पोलिसांना द्यायचा कागद लिहून तयार होता. महादू दारूच्या नशेत स्वतःच्या मर्जीनं झाडावर चढला आणि पडला, त्या वेळी संघाचं कुणी तिथं नव्हतं, आम्ही दोघं वाटेनं जाताना आम्हाला तो सापडला, असं त्यात होतं. खाली दोन सह्यांची जागा.

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "साहेब, त्यो पीत न्हाय," ते म्हणाले. "पिणारं आपुन हुतो."

"अप्पा, तुमच्या मठात कळलं तर काय होईल याचा विचार केला का? गळ्यात लिंग आणि हातात शिंदी?"

"त्येचा इचार झालाय." अप्पांनी कागद ठेवला आणि बाहेर गेले.

मग साहेब माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ केला. नोकरी पक्की व्हायची आहे ना, म्हणाले. घरात आई-वडील, दोन बहिणी आणि माझा एकट्याचा पगार. दुष्काळात आमच्या वस्तीतली माझ्या वयाची सगळी पोरं खडीवर होती. मी सही केली. सही चांगली ठसठशीत आली.

अप्पा तिथून थेट पोलिसांकडं गेले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. लोकांना आपणच नेलं, हेही. त्यांच्या जबाबाचं फार काही झालं नाही. दुसऱ्या बाजूला माझी सही होती. पण महिन्याभरात काटा दुसऱ्याच्या हाती गेला आणि अप्पा घरी बसले. मठात त्यांना विचारलं गेलं, तेव्हा "व्हय, पीत हुतो" असं भर बैठकीत सांगून आले म्हणे. नातलगांनी जाणं-येणं कमी केलं. गुरुबाईंनी मात्र शेजारणीला सुनावलं, "हे पीत हुते तवा मला लाज वाटायची. आता न्हाय वाटत."

ते दोघं लोहाऱ्याला मुलीच्या गावी निघून गेले. जाताना मी स्टँडवर गेलो होतो. मला माफी मागायची होती. अप्पांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं घर त्या सहीवर हुतं. मला ठाव हाय. पण बरोबर केलंस, असं म्या म्हणणार न्हाय." एसटी हलली.

काही वर्षांनी कामानिमित्त लोहाऱ्याला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. मुलीच्या दुकानाच्या ओट्यावर बसले होते, बरेच वाळलेले. दर महिन्याला दोन एसट्या बदलून महादूकडं जातात, हे मुलीनं सांगितलं. मी धीर करून विचारलं, "अप्पा, एवढं शोधत जाण्यासारखी होती का ती?"

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "चीज चांगलीच हुती. शोधायला बी हरकत नव्हती. शोधून गप बसायला पायजे हुतं, ते आपल्याला जमलं न्हाय." माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत, पण 'आपल्याला' म्हणाले.

पुढच्याच उन्हाळ्यात अप्पा गेले. दिवस झाल्यावर मी महादूकडं गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो दारात बाजेवर पडून दोरखंड वळत होता. अप्पा गेल्याचं त्याला कळलं होतं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "महादू, त्या कागदावर माझी सही होती."

"ठाव हाय," तो म्हणाला. "पोलिसानं वाचून दाखवला तवाच नाव ऐकलं म्या."

"अप्पा काही बोलले नाहीत?"

"न्हाय. तुमचा इषयच काढला न्हाय त्येनी कधी." त्यानं हातातला दोर बाजूला ठेवला आणि घराकडं तोंड करून हाक दिली, "चांगुणा, संघातलं सायेब आलेत. च्या टाक."

चांगुणा बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. तोवर महादू दोर वळत राहिला आणि मी त्याच्या पायांकडं न बघता बसून राहिलो.