पांढरी गोळी आणि चिमूटभर मीठ

लॉन्ड्रीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘काटेवाले’ म्हणत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती मोठी लॉन्ड्री, आणि तिच्या मागच्या अंगाला बॉयलरची खोली. त्या खोलीत या गृहस्थाने एकोणतीस वर्षं एकच काम केलं. वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, आणि तो खाली झुकायला लागला की भट्टीत कोळसा टाकायचा. पुढच्या हॉलमधल्या इस्त्रीच्या मशिनी वाफेवाचून एक दिवसही बंद पडल्या नाहीत, याचा त्यांना भारी अभिमान होता आणि नव्या माणसाला तो ऐकवल्याशिवाय ते सोडत नसत. डबा खातानासुद्धा एक डोळा काट्यावर. बायको म्हणायची, “माझ्याकडे इतकं बघितलं असतंत, तर मी अजून तरुण दिसले असते.”

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांचे पाय सुजायला लागले. बूट चढेनात. मग जिना चढताना धाप, पुढे आडवं झालं तरी धाप. तीन उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढी झोप. तपासण्या झाल्या आणि हृदय कमजोर झाल्याचं निघालं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांना समजावून सांगायची हौस होती.

“तुमचं हृदय थकलंय, पण शरीराला ते कळत नाही,” त्या म्हणाल्या. “रक्त कमी पोचतंय म्हटल्यावर त्याला वाटतं, काहीतरी संकट आलंय. आपण घाबरलो की ज्या नसा छाती धडधडवतात ना, त्याच नसा मग चोवीस तास हृदयाच्या मागे लागतात. पळ, आणखी पळ. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अंगात पाणी साठतं. सुरुवातीला त्याने निभावतं. पण थकलेल्याला पळवतच राहिलं तर तो कोसळणार की नाही? ही पांढरी गोळी त्या नसांना आवरते. पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटेल. तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, एकदम तर नाहीच. आणि मीठ जपून.”

काटेवाल्यांनी मान डोलावली. बॉयलर तपासायला येणाऱ्या साहेबापुढेही ते अशीच मान डोलवत, आणि साहेबाची पाठ वळली की आपलं तेच खरं करत.

घरात नाडी मोजायचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यावर एकशे आठ आकडा आला. बायको रोज सकाळी आपल्या हाताने गोळी द्यायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. आकडा उतरत गेला. ऐंशी झाला, गोळी वाढवल्यावर सत्तर, मग साठ. डॉक्टरीणबाई खूश. काटेवाले मात्र दिवसातून दहादा यंत्र लावून बघू लागले. हातपाय गार पडलेले, अंगात त्राण नाही, खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. खाली उतरणाऱ्या काट्याचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता, की आग विझत चाललीय. त्यांना मरणाची भीती वाटली. पण तसं ते कुणाजवळ बोलले नाहीत, बोलणार तरी कुठल्या तोंडाने!

मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. गोळी गालात धरायची, बायको वळली की चूळ भरायच्या निमित्ताने बेसिनमध्ये थुंकायची आणि वरून नळ सोडायचा. पाचव्या दिवशी आकडा नव्वदच्या पुढे गेला. हात गरम लागू लागले. गृहस्थ कोपऱ्यावर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, “बघितलंस? गाडी आली रुळावर!” ती बिचारी हरखून गेली. दोन महिने अळणी गिळणाऱ्या नवऱ्याची तिला कीव येत होती. त्या आनंदात तिने त्यांच्या उकडलेल्या अंड्यावर चिमूटभर मीठ भुरभुरलं. रोज नाही, तीन-चार सकाळी. त्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

अकराव्या दिवशी दाढी करता करता त्यांचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले, छातीत घुरघुर सुरू झाली. इस्पितळात पोचेपर्यंत ते घामाने निथळत होते.

“फुप्फुसांत पाणी भरलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी चुकली होती का?”

“नाही हो. रोज माझ्या हाताने देते मी.”

“मग मीठ?”

बायको रडायलाच लागली. तिने अंड्यांचं सगळं सांगून टाकलं. “एवढं बजावलं होतं ना मी तुम्हाला!” असं बाई बोलून गेल्या. काटेवाल्यांनी ऑक्सिजनच्या मास्कखालून ते सगळं ऐकलं. धाप लागली होती हे खरं, पण ते गप्प राहिले ते त्यामुळे नव्हे. त्यांना लाज वाटली. दोन दिवस बायको त्यांचा हात धरून बसली होती आणि मध्येच पुटपुटायची, “मीच केलं हे, माझ्याच हाताने केलं.” दोन दिवस त्यांनी ते ऐकून घेतलं. असा भित्रेपणा माणसाने करू नये, पण त्यांनी केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई दाराशी बायकोजवळ हलक्या आवाजात बोलल्या. औषधांना हृदय दाद देत नव्हतं, जवळच्यांना बोलावून घ्या म्हणाल्या. बायको आत आली तेव्हा त्यांनी स्वतःच मास्क बाजूला ओढला.

“ऐक. मिठाने नाही झालं. गोळी... गिळतच नव्हतो मी.”

“काहीतरीच काय! मी समोर उभी असायचे.”

“बेसिनमध्ये. थुंकून टाकायचो.”

तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, आणि रडता रडता चक्क हसली.

“पुरे हो. लग्न झाल्यापासून हेच करत आलात. दूध मी उतू घालवलं, तर सासूबाईंना सांगितलंत, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ त्यांची शाल मी जाळली, तीही तुमच्याच नावावर. आता हेसुद्धा स्वतःच्या अंगावर घ्या! इतकं चांगलं नका वागू माझ्याशी. मला सोसत नाही.”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. डॉक्टरीणबाईंना विचार म्हणावं, तर त्यांनाही कुठे काय ठाऊक होतं? सगळ्या गोळ्या केव्हाच वाहून गेल्या होत्या.

“अगं, खरंच...”

“बोलू नका, धाप लागतेय तुम्हाला,” असं म्हणत तिने रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि मास्क परत नीट बसवला.