सेल उतरलेली धून

खंडेराव पंचवटीतल्या धोंडीरामच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. वरातीत वाजवणं म्हणजे फुफ्फुसांची कुस्ती. नाचणाऱ्यांना आवाज लागतो, सूर असला काय नि नसला काय! खंडेरावाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

पण चौऱ्याण्णव साली बुधवारच्या बाजारात त्यानं एक जुनी कॅसेट उचलली, केवळ वर सॅक्सोफोनचं चित्र होतं म्हणून. आत निघालं विलायती जॅझ. वाजवणारे चारच जण, आणि त्यांतला सॅक्सोफोनवाला तर जेवण झाल्यावर ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा निवांत. ना घाई, ना आरडाओरडा. खंडेराव पार खुळावला. त्याचा टेप सेलवर चालायचा, आणि उतरलेले सेल उन्हात वाळवून पुन्हा घालायचे ही घरची रीत. त्या टेपवर ऐकून ऐकून त्यानं पहिली धून घोटली.

पुढच्याच वरातीत त्याला राहवलं नाही. गंगापूर रोडला, ऐन कार्यालयाच्या दारात, त्यानं ती धून सोडली. नाचणारे थांबले. घोडासुद्धा थांबला. नवरदेवाचा मामा धावत आला, "ओ मास्तर, कोणी गेलं का काय?"

धोंडीराम भडकला. "खंडेराव, पुन्हा हे वाजवलं तर सॅक्सोफोन काढून घेईन आन् हातात खुळखुळा देईन! लोक नाचायला बोलावतात, झोपायला नाय!"

खंडेराव पुन्हा वरातीच्या गाण्यांकडं वळला. पण आपली धून एकदा तरी चार माणसांनी नीट ऐकावी, ही इच्छा काही त्याच्या मनातून हलेना. घरी ऐकणारी एकटी भाग्यश्री, त्याची लेक. तिला ती कधीच पाठ झाली होती.

पुढं भाग्यश्रीचं लग्न ठरलं. होणारा जावई ललित दिंडोरीच्या वायनरीत कामाला. त्यानं सासऱ्याला खूश करायला त्याच जॅझची सीडी आणली. धून सुरू झाली आणि दुडक्या चालीनं निघाली.

"हे पळतायत कुठं? एसटी चुकतेय का यांची?" खंडेराव म्हणाला.

भाग्यश्री हसून लोटपोट. "अण्णा, आपल्या टेपचे सेल कायम उतरलेले असायचे!"

खंडेराव हसला खरा, पण आतून खट्टू झाला. इतकी वर्षं आपण चुकीचंच वाजवत होतो! बरं झालं, धोंडीरामनं अडवलं. त्यानं त्या धुनेचं नावच टाकलं.

लग्नात बँड अर्थातच धोंडीरामचा. वधूपिता मात्र फेटा बांधून, हात जोडून पाहुण्यांत फिरत होता. पाठवणीची वेळ आली. आता नेहमीचं रडकं गाणं येणार, म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावून ठेवले होते. धोंडीरामनं हात वर केला आणि क्लॅरिनेटवर ती धून सुरू झाली. हलकी आणि संथ, थेट उतरलेल्या सेलांच्या चालीची. अख्खा मांडव शांत झाला. कोणी गेलं का, असं कुणीच विचारलं नाही.

खंडेराव धोंडीरामकडं बघतच राहिला.

"पोरीनं गुणगुणून बसवून घेतली," धोंडीराम म्हणाला. "बजावलं तिनं, सीडीसारखी नाय, अण्णांसारखी पाहिजे."

खंडेरावाला रडू आवरेना. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत तो क्लॅरिनेटवाल्याला म्हणाला, "अजून जरा हळू घे रे."