उड्डाणाच्या आधी लागलेला फ्लेक्स

जामखेडच्या चौकात तो फ्लेक्स लागला तेव्हा रॉकेट अजून उडायचं होतं. उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. फ्लेक्सवर मात्र ‘यशस्वी प्रक्षेपणाबद्दल जामखेडच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन’ असा मजकूर होता. वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे गोल फोटो होते. त्यांत सगळ्यांत मोठा फोटो नगर परिषदेला उभं राहू पाहणाऱ्या एका इच्छुकाचा. गावात त्यांना तात्या म्हणतात. उजवीकडे मुलीचा कॉलेजच्या काळातला फोटो, डावीकडे रॉकेट आणि त्याखाली नारिंगी धूर.

मला हा फ्लेक्स नगरला, सावेडीतल्या घरी बसून मोबाईलवर दिसला. मुलीच्या वडिलांनी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘साहेब, बघा.’

फ्लेक्सवरचं रॉकेट आपल्या देशाचं नव्हतं. लाँचपॅडभोवतीच्या मनोऱ्यांवरून ते लगेच कळत होतं. नगरच्या एका दैनिकात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं छायाचित्रांच्या टेबलावर गेली. आलेले फोटो निवडायचे, कापायचे, खाली ओळी लिहायच्या. उड्डाण असलं की पहिल्या पानावर रॉकेट लागे, त्यामुळे लाँचपॅड ओळखण्याची सवय झाली होती. कार्यालयाच्या कपाटात सगळ्यांत जुने फोटो कृष्णधवल होते. नारळाची झाडं, वाळू, सायकलच्या कॅरिअरवर बांधलेला रॉकेटचा भाग आणि शेजारून चालणारी माणसं. त्यानंतरचे टेलिफोनच्या तारेवरून आलेले, आडव्या रेघा पडलेले. मग रंगीत प्रिंट, मग थेट संगणकावर. रॉकेट मोठं होत गेलं तसा फोटोग्राफर लांब गेला. जुन्या फोटोंत माणसं रॉकेटला हात लावून उभी आहेत. नव्या फोटोंत माणूस नसतो.

मुलीचे वडील जामखेडला आमच्या दैनिकाचे एजंट होते. पहाटे स्टँडवर गठ्ठे उतरवून घ्यायचे आणि सायकलवर अंक टाकायचे. एकदा नगरला आले असताना त्यांनी टेबलाखालच्या टोपलीत टाकलेला रॉकेटचा प्रिंट उचलला.

“हे फेकनार का साहेब?”

“छापून झालं त्याचं.”

“मग पोरीला नेतो. तिला लई नाद हाय.”

तेव्हापासून वापरून झालेले प्रिंट जामखेडच्या गठ्ठ्यात जाऊ लागले. मुलगी ते वहीत चिकटवते, असं ते सांगायचे. एकदा तिनं वडिलांकरवी प्रश्न पाठवला. रॉकेट किती उंच, कुठं गेलं, हे तिला नको होतं. फोटो काढणारा कुठं उभा होता, एवढंच विचारलं होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी एका वृत्तसंस्थेत फोन करून विचारलं. इतक्या जवळ कोणी उभं राहत नाही, कॅमेरा ठेवून माणूस निघून येतो, असं कळलं. तसं मी कळवलं.

पुढे ती शिकली, परीक्षा दिली आणि दक्षिणेतल्या एका प्रक्षेपण केंद्रात लागली. तिथं तिचं काम कॅमेऱ्यांचं आहे. हे मला नंतर एका दिवाळीत कळलं, ती वडिलांसोबत सावेडीला आली तेव्हा. वडील सोफ्याच्या कडेला बसले होते. टीपॉयवरच्या अंकात त्याच आठवड्यातलं रॉकेट होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा हिनं काढलाय.”

वडील हात धुवायला आत गेल्यावर ती म्हणाली, “काका, माझ्या फोटोत रॉकेट दिसतच नाही. एक नळी दिसते. नाहीतर एक पकड, सुटताना. सेकंदाला हजारो फोटो निघतात आणि सगळ्यांत तीच नळी.”

“ते छापत नाहीत कुठं?”

“कोण छापणार? काही बिघडलं तर बघतात. नाही बिघडलं तर तेही नाही.”

कॅमेरे पॅडच्या अगदी जवळ लोखंडी पेट्यांत असतात, पुढे जाड काच. पेट्या बंद करून सगळे निघून येतात. त्यानंतर तिकडे कोणाला जाता येत नाही.

“काचेवर दव पडलं तर पडलं. किडा बसला तर बसला. आम्हाला इकडं पडद्यावर दिसतो तो, चालताना.”

“मग काय करता?”

“काही नाही. बघतो.”

वडील परत आले, तेव्हा विषय फराळावर गेला होता. पेपरातले फोटो तिचे नसतात हे तिनं त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

उड्डाणाच्या सकाळी जामखेडला त्यांच्या वस्तीतल्या विहारासमोर मोठा टीव्ही लावला होता. हलगी सांगितली होती. मी घरी बघत होतो. रॉकेट वर गेलं. धूर तसाच नारिंगी. फोन वाजला. वडिलांचा आवाज हलगीच्या वर चढला होता. “गेलं साहेब! गेलं! बघितलं का?”

बघितलं, म्हणालो. त्यांनी फोन चालूच ठेवला. माझं लक्ष पडद्यावरच्या दोन रेषांकडे होतं. एक आधी आखलेली, दुसरी प्रत्यक्ष जाणारी. बराच वेळ त्या एकमेकींवर होत्या. मग दुसरी खाली वळू लागली. निवेदकाचं वाक्य मध्येच थांबलं. कॅमेरा नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या पाठींवर राहिला. कोणी वळून बघत नव्हतं.

“साहेब, टीव्हीवाला गप का झाला?”

मी सांगितलं. वरच्या टप्प्यात बिघाड दिसतोय, उपग्रह जागेवर पोहोचणार नाही. हलगी चालूच होती. मग त्यांनी विचारलं, “आता ह्यांना थांबवू का?”

दुपारपर्यंत अधिकृत निवेदन आलं. त्यातली भाषा अशा निवेदनांत असते तशीच होती. अपेक्षित कामगिरी झाली नाही, कारणांचा अभ्यास सुरू आहे.

मुलीचा फोन वडिलांना संध्याकाळी आला. ती बरी आहे, जेवली आहे, सोमवारी घरी येते आहे. एवढंच बोलली. फ्लेक्सचा विषय निघाला नाही. वडिलांनी मला दुसऱ्या दिवशी फोन केला. तिला अजून माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सोमवारच्या आत तो उतरला पाहिजे. “पोरगी बसमधून उतरल, चौकात यील आन समोर ते. तिनं ते वाचायला नको, साहेब. तुमी या.”

मी एस.टी.नं जामखेडला गेलो. फ्लेक्स चौकात दोन बांबूंना, विजेच्या तारेमुळे बराच खाली बांधलेला होता. अभिनंदनाची खालची ओळ माणसाच्या छातीच्या उंचीवर. दोरी हातानं सुटली असती. मुलीच्या वडिलांना तसं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सोडायला काय, आत्ता सोडीन. पन तात्यांचा फोटो हाय त्याच्यावर. आमच्या वस्तीतल्या मानसानं तात्यांचा फ्लेक्स उतरवला, असं गावात झालं तर पुढं काय, ते तुमाला सांगायला नको.” मग थांबून म्हणाले, “आन आमच्यातलं कुनी त्यांच्या फ्लेक्सवर पहिल्यांदाच आलंय. वस्तीतली पोरं फोटो काढून घेत्यात तिथं.”

नगर परिषदेत गेलो. टेबलावरचे गृहस्थ नम्र होते. परवानगीची मुदत अजून आहे, म्हणाले. तात्यांच्या माणसाला विचारा, त्यांनी सांगितलं तर आम्ही लगेच उतरवतो.

तात्यांचा माणूस चौकातच चहाच्या टपरीवर भेटला. फ्लेक्सची सगळी जबाबदारी त्याच्याकडे होती. उड्डाणाच्या आधीच का लावला, असं विचारल्यावर त्याला प्रश्नाचं नवल वाटलं.

“मग कवा लावनार? जागा एकच हाय. दुसरी पार्टी बी टपून बसली हुती. तिनं आधी लावला असता तर पोरगी त्यांची झाली असती.”

“पण रॉकेट पडलं.”

“उडालं न्हाई का? आमी सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं की. वर गेलं म्हंजी यशस्वी. पुढचं वरचं वर काय झालं, ते कुनाला दिसतंय?”

वडील मध्येच बोलले. “भाऊ, पोरगी सोमवारी येतीय. तिला वाईट वाटंल. तेवढ्यापुरता उतरवा. पुन्हा लावा पाहिजे तर.”

“मामा, तुमी उगा काळजी करताय. वाईट काय त्यात? एवढा मोठा फोटो हाय तिचा. आन मधीच उतरवला की लोक म्हनत्यात, तात्यांची माघार.” त्यानं चहाचा कप टपरीवर ठेवला. “दुसऱ्या कुनाचा वाढदिवस आला की आपोआप उतरतोय. सोमवारी म्हनला न्हवं? कितीच्या गाडीनं?”

वडिलांनी गाडी सांगितली.

आम्ही तिथून निघालो. वडील पुढच्या वाढदिवसाची चौकशी करत फिरले. पानाच्या दुकानात, झेरॉक्सवाल्याकडे, फ्लेक्स छापणाऱ्याकडे. “आता कुनाचा वाढदिवस हाय हो?” लोक हसून विचारत, “का मामा, तुमी उभं राहताय का?” फ्लेक्सवाल्यानं संगणकावर बघून सांगितलं, एका पतसंस्थेच्या संचालकांचा आहे, पण तो त्या आठवड्याच्या शेवटी. सोमवारी कोणाचाच नव्हता.

वडिलांना दुसरा मार्ग सुचला. स्टँडवरून रिक्षा चौकातून न्यायची नाही, मागच्या रस्त्यानं काढायची. रिक्षावाल्याला तसं सांगूनही ठेवलं. त्यांनी आग्रह केला म्हणून मी सोमवारी पुन्हा आलो. “तुमी असलं की ती बोलती,” म्हणाले.

बस वेळेवर आली. ती उतरली. पाठीवर सॅक, हातात एक पिशवी. वडिलांनी पिशवी घेतली आणि रिक्षाकडे वळले. रिक्षाशेजारी तात्यांचा माणूस उभा होता. त्याच्यामागे चार-पाच जण, एकाच्या हातात शाल, एकाच्या हातात नारळ.

“ताई, पाच मिनिटं. तात्या चौकात थांबल्यात.”

“ती दमलीय. रात्रभर प्रवास झालाय,” वडील म्हणाले.

“सत्काराला काय दम लागतोय मामा? या ताई.”

तिनं वडिलांकडे बघितलं. ते पिशवीचे बंद हाताला गुंडाळत होते. ती चालू लागली, मग आम्हीही.

चौकात तात्या हसतमुख उभे होते. माइकची सोय केली होती. ती फ्लेक्ससमोर थांबली आणि एकदा तो नीट बघितला. मजकूर नव्हे, फोटो. फोटोंचं काम करणारी माणसं बघतात तसा, कडांपासून आत.

“हा पॅड आपला नाही,” ती मला हळूच म्हणाली.

“माहीत आहे.”

“आणि फोटोतलं उड्डाण रात्रीचं आहे. मागचं आकाश बदललंय.” मग आणखी हळू म्हणाली, “हा फ्लेक्स उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मोबाईलवर आला होता काका. कुणीतरी पुढं पाठवत पाठवत आमच्यापर्यंत. सेक्शनमध्ये सगळ्यांनी बघितला. मराठी येत नाही त्यांना मी वाचून दाखवला.”

“वडिलांना सांगितलं नाहीस?”

“ते रोज फोनवर विचारत होते, कोणत्या रस्त्यानं येशील म्हणून.”

वडील दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

तात्यांचं भाषण छोटं होतं. आपल्या मातीतल्या लेकीनं रॉकेट सोडलं, असं ते म्हणाले. ती म्हणाली, “मी फोटो काढते.” माइक तिच्याकडे नव्हता. शाल तिच्या खांद्यावर आली, नारळ हातात आला. टाळ्या झाल्या. वस्तीतली काही माणसं रस्त्याच्या पलीकडून बघत होती, त्यांनीही वाजवल्या.

तात्यांच्या माणसानं माझ्या हातात त्याचा मोबाईल दिला. “साहेब, तुमी पेपरवाले. तुमीच काढा. तात्या आले पाहिजेत, आन वरचा फोटो बी. उद्या सगळ्यांना पाठवायचाय.”

मी मागे सरकलो. मध्ये ती, शेजारी तात्या, मागे फ्लेक्स. पडद्यावर चौकट नीट बसली. रॉकेट तिच्या डोक्याच्या डावीकडे वर जात होतं. तेवढ्यात वडील पिशवीसकट पुढे आले आणि तिच्या मागे, ओळीच्या सुरुवातीला उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे ‘यशस्वी’ हा पहिला शब्द पूर्ण झाकला गेला. उरलेलं वाचता येत होतं. प्रक्षेपणाबद्दल जामखेडच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन.

मी बटण दाबायला बोट ठेवलं.

“थांबा साहेब,” तात्यांचा माणूस म्हणाला. “मामा, जरा कडंला व्हा. अक्षरं झाकत्यात.”

वडील हलले नाहीत. त्यांनी मान वळवून मुलीकडे बघितलं. ती समोर, माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत होती.

“मामा, तात्या थांबल्यात.”

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि बाजूला झाले. मी फोटो काढला.